डीकनचा धूर

ऑक्टोबरात आयोला गँट मधपेट्या उघडत नाही, उचलून बघते. पेटीच्या मागे उभं राहायचं, तळफळीखाली दोन बोटं घालायची आणि मागची कड जराशी वर करायची. पेटी हलली नाही, तर माश्यांनी हिवाळ्याची बेगमी केली आहे असं समजून पुढच्या पेटीकडे जायचं. हे तिला तिच्या नवऱ्यानं, एल्मोरनं, शिकवलं होतं. तो गेल्यावर ती एकटीच करत आली. त्या वर्षी पहिली पेटी बोटांवर इतकी अलगद उठली, की ती रिकामीच असावी असं तिला वाटलं. दुसरीही तशीच उठली. रांग संपेपर्यंत एकही पेटी जड लागली नाही.

तिनं एकीचं झाकण काढलं. माश्या होत्या, राणी होती, रोग नव्हता. फक्त खायला काही नव्हतं. चौकटीच्या कोपऱ्यात बोटभर मध आणि तेवढेच परागकण. आदल्या वर्षी पेट्या जरा हलक्या लागल्या होत्या, तेव्हा तिनं दुष्काळाला बोल लावला होता. यंदा पाऊस वेळच्या वेळी झाला होता. आता बोल लावायला कोणी उरलं नव्हतं.

दुकानातून साखर आणून तिनं पाक करून ठेवायला सुरुवात केली. पाकावर माश्या थंडी काढतात, पण पुढची पिलावळ वाढवायला परागकण लागतात आणि ते दुकानात मिळणाऱ्या साखरेत नसतात. आणखी एक असा ऑक्टोबर आला, तर एल्मोरनं मागे ठेवलेल्या पेट्या नुसतं लाकूड होऊन राहतील, हे तिला ढवळता ढवळता कळत होतं.

आयोला मुळात माश्यांची नव्हे, आगीची लेक. तिचे वडील होझिया हे जवळच्या मोठ्या शिकारीच्या रानावर कामाला होते. उत्तरेतले पैसेवाले हिवाळ्यात तिथं लाव्यांची शिकार करायला यायचे, आणि ते परत गेले की होझिया रान जाळायचे. दर वर्षी. लांब सुयांचे पाइन, त्यांच्याखाली तारेसारखं ताठ गवत, आणि त्यातून गुडघ्याएवढी सरपटत जाणारी आग, हे आयोलाचं बालपण. ओलं पोतं घेऊन ती वडिलांच्या मागून चालायची आणि जाळरेषा ओलांडून आलेल्या ठिणग्या बडवायची. शिकारीला आलेल्या एका पाहुण्यानं होझियांना विचारलं होतं, की रान का जाळता? "साहेब, तुम्ही दाढी का करता?" असं होझियांनी विचारलं होतं. पुढं ते गावभर झालं.

एल्मोर नदीकाठच्या दलदलीतला. त्याच्या वडिलांच्या पेट्या एका वणव्यात जळून गेल्या होत्या, तेव्हापासून दुधानं पोळलेल्यानं ताकाकडे बघावं तसा तो प्रत्येक आगीकडे बघायचा. लग्नानंतर आयोलाच्या वाट्याच्या चाळीस एकर पाइनच्या रानात त्यानं पेट्या मांडल्या आणि आग बंद केली. त्यात नुसती भीती नव्हती, हिशेबही होता. त्या रानात गॉलबेरी नावाचं चकचकीत पानांचं झुडूप असतं. मे महिन्यात त्याला बारीक पांढरी फुलं येतात, आणि त्यांचा मध फिका, पातळ, वर्षभर न गोठणारा. लोक अटलांटाहून गाडी घेऊन त्यासाठी येतात. जाळलेली गॉलबेरी मुळातून फुटते, पण दोन वर्षं फुलत नाही. आग नाही लावली, तर दर मे महिन्यात फुलते. हिशेबात चूक नव्हती. झुडपं कमरेला आली, खांद्याला आली, मग डोक्यावरून गेली. आयोलाच्या रानात मे महिना सुरेख असायचा. बाकीचे महिने हिरवे असायचे, इतकंच.

रस्त्यापलीकडे डीकन सीफस टूक्स याची जमीन. माउंट हेब्रॉन चर्चचा कारभार बघणारा, आयोलापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तिरसट म्हातारा. तो दर वर्षी रान जाळायचा. धूर रस्ता ओलांडून आयोलाच्या दोरीवरच्या चादरींवर बसायचा. एल्मोर आणि डीकन तीस वर्षांत चर्चच्या दारात मान हलवण्यापलीकडे बोलले नाहीत. "डीकनला देवानं नरकात पाठवलं, तर तो पहिल्याच दिवशी कामाला लागेल," असं एल्मोर म्हणाला होता, आणि चर्चच्या अंगणात सगळ्या बायका हसल्या होत्या.

डीकन खुब्याचं हाड मोडून घरात बसला, त्याला आता तिसरा हिवाळा येत होता. मुलगी लॅव्हर्न अटलांटात. ती महिन्यातून एकदा येऊन फ्रिज भरून जायची. आजारी माणसाला भेटून येण्याची पाळी चर्चमध्ये ठरलेली असते. त्या आठवड्यात ती आयोलाची होती. मिठात उकडलेल्या शेंगांची बरणी घेऊन ती निघाली, आणि रस्त्यानं वळसा नको म्हणून डीकनच्या रानातल्या जुन्या पायवाटेनं शिरली.

पायवाट नव्हती. गॉलबेरी तिच्या छातीपर्यंत आली होती. काटेरी वेलींनी तिचा परकर धरला, सोडवला तर बाही धरली. बरणी डोक्यावर धरून ती बाजूबाजूनं सरकत गेली आणि मध्येच थांबली. काहीतरी नेहमीसारखं नव्हतं, आणि ते काय, हे लक्षात यायला तिला थोडा वेळ लागला. आवाज नव्हता. ऑक्टोबरच्या दुपारी या रानात पाऊल टाकलं की टोळ चहूकडे उडायचे, गवतातून किर्र चालू असायची, जांभळ्या कणसांच्या फुलांवर नारिंगी फुलपाखरं एकमेकांना ढकलत बसलेली असायची. पिवळे तुरे, पांढऱ्या गोंड्यांची फुलं, शेंगा धरणारी वेलीसारखी रोपं. ती चालून गेली की तिची चप्पल परागांनी पिवळी व्हायची. आणि त्या सगळ्यावर माश्या. तिच्या माश्या.

आता खाली गवतसुद्धा दिसत नव्हतं. झुडपांच्या सावलीत पाइनच्या सुया वीतभर साचल्या होत्या, आणि त्यांतून काही उगवलं नव्हतं.

शरदातला मध काळपट असतो आणि त्याला ओल्या मोज्यांचा वास येतो. तो कोणी विकत घेत नाही. म्हणून एल्मोर तो पेटीतच ठेवायचा, माश्यांना हिवाळ्यासाठी. विकायचा नसल्यामुळे तो कधी वजनकाट्यावर चढला नव्हता, आणि तो येतो कुठून असा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. मे महिन्याचा मध तिच्या रानाचा होता. पण ज्याच्यावर माश्या वर्ष काढत होत्या तो मध या रानाचा होता, आणि या रानाला फुलं यायची ती डीकनच्या आगीमुळे. आयोला तिथं काटेरी वेलीत अडकून उभी होती. तिला स्वतःची लाजही वाटली आणि हसूही आलं. वेल सोडवून ती पुढे निघाली.

डीकन पडवीत बसला होता. हातात कॉफी, समोर वॉकर. चर्चमधल्या प्रत्येक बाईला तो सिस्टर म्हणायचा.

"पुढचं दार सोडून रानातून आलीस सिस्टर? चोरी करायला शिरली होतीस काय?"

"तुमच्या रानात चोरायला काय उरलंय डीकन?"

"हे मात्र खरं बोललीस." त्यानं बरणी हातात घेऊन उजेडात धरली. "मीठ घातलंयस ना? मागच्या आठवड्यात जिनं आणल्या तिला डॉक्टरनं मीठ घालू नको म्हणून सांगितलं होतं वाटतं."

दोघं शेंगा सोलायला लागली. आयोला ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली नव्हती, पण त्या दिवशी तिनं आधी लॅव्हर्नची चौकशी केली, मग पास्टरच्या गुडघ्याची, मग हवेची. डीकन मान हलवत राहिला.

"डीकन," ती शेवटी म्हणाली, "यंदा तरी रान जाळणार का कोणी?"

त्यानं हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे खाल्ले, टरफल खाली टाकलं.

"कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"मी म्हणजे एल्मोर गँटची बायको. माझ्या धुराची तक्रार पास्टरकडे घेऊन गेली होती, ती."

"पांढऱ्या चादरी होत्या माझ्या."

"नरकात पहिल्याच दिवशी कामाला लागेन, असं माझ्याबद्दल भर अंगणात कोण म्हणालं होतं?"

"ते एल्मोर म्हणाला होता."

"आणि हसलं कोण?"

"मी हसले होते," आयोला म्हणाली. "सगळ्यांत मोठ्यानं."

"माश्यांना धूर देतेस त्या धुराच्या डब्यात काय जाळतेस गं तू?"

"पाइनच्या सुया."

"कुणाच्या?"

तिच्या स्वतःच्या रानातल्या सुया गॉलबेरीत अडकून कुजायच्या. त्यामुळे वर्षानुवर्षं ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेच्या कोरड्या सुया गोळा करून आणायची. "तुमच्या," ती म्हणाली.

"अस्सं," डीकन म्हणाला आणि समाधानानं आणखी एक शेंग उचलली.

मग तिनं सरळ सांगून टाकलं. पेट्या रिकाम्या आहेत. तीस वर्षं तिच्या माश्या त्याच्या ताटात जेवत होत्या आणि हे तिला आज, त्याच्याच काट्यांत अडकल्यावर, कळलं. "आभार मानायला हवेत," ती म्हणाली, "पण एवढ्या उशिरा ते कसे मानतात ते मला माहीत नाही."

डीकननं समोरच्या रानाकडे हात केला.

"मला पहिल्याच वर्षी कळलं होतं," तो म्हणाला. "माझ्याकडे एक पेटी नाही. मग माझ्या फुलांवर एवढ्या माश्या कुणाच्या? माझी बायको मिनर्व्हा गेली त्या वर्षी दुपारी कॉफी घेऊन इथं बसलो की सगळं रान गुणगुणत असायचं. तेवढीच सोबत होती मला. दोन वर्षं झाली, तीही बंद आहे."

"कधी बोलला नाहीत."

"बोललो असतो तर एल्मोरनं पेट्या उचलून दुसऱ्या टोकाला नेल्या असत्या. तुझा नवरा चांगला माणूस होता, पण उपकार दिसला की तो वाट बदलायचा. म्हटलं, खाऊ देत गुपचूप."

आयोलाला हसू आवरेना, कारण एल्मोरचं वर्णन याहून नेमकं कुणी केलं नव्हतं.

"तू जाळशील?" डीकननं विचारलं.

"होझियाची मुलगी आहे मी."

"होतीस. मध्ये तीस वर्षं एल्मोरची बायको होतीस."

"हात विसरत नाही डीकन."

"बघू. आणि सगळं एकदम नाही जाळायचं. यंदा रस्त्याकडचं, पुढच्या वर्षी ओढ्याकडचं. टोळ, अळ्या, गवतात अंडी घालणारं बारीकसारीक जे असेल ते शेजारच्या तुकड्यातून परत येतं. सगळ्या खोल्या एकदम रंगवायला काढल्या, तर घरातल्यांनी झोपायचं कुठं?"

जानेवारीत चर्चमधली मंडळी दाताळी घेऊन आली. ब्रदर थर्मननं ट्रॅक्टर फिरवून कडेनं माती उघडी करून जाळरेषा काढली. लॅव्हर्ननं बापाला गाडीत बसवलं, काच खाली केली आणि गाडी रस्त्यावर उभी केली. वनखात्याला फोन करून परवानगी आयोलानं स्वतः काढली होती. दिवसही तिनंच निवडला होता. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला, वारा पडलेला, सगळं कसं शांत.

तिनं जळतं तेल ठिबकवणारा पलिता घेऊन रेषेच्या कडेनं आग सोडली. आग हातभर गेली, फुसफुसली आणि विझली. तिनं पुन्हा लावली. पुन्हा हातभर. दुपारपर्यंत रानाच्या कडेला कुरतडल्यासारखा काळा काठ उमटला होता, आणि पांढरा गार धूर जमिनीलगत सरपटत रस्ता ओलांडून तिच्याच अंगणात जाऊन बसला होता. दोरीवरच्या चादरी तिनं काढल्या नव्हत्या.

"सिस्टर," गाडीतून डीकनचा आवाज आला, "तू रान जाळतेयस, की माश्यांना धूर देतेयस?"

थर्मनला ट्रॅक्टरचा आधार घ्यावा लागला इतका तो हसला. आयोलाही हसली, पण तिला ते लागलं, कारण ते खरं होतं. तीस वर्षं तिनं फक्त गार धूर केला होता, कुणाला भाजणार नाही असा. रान म्हणजे मोठी मधपेटी असल्यासारखी ती त्याच्याशी वागली होती.

पुढच्या खेपेला दिवस डीकननं निवडला. थंडीची लाट येऊन गेलेली, आकाश स्वच्छ, उत्तरेचा वारा एकसारखा. आयोलानं दक्षिणेच्या रेषेवरून सुरुवात केली, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडात हळू चालत जाईल आणि आपल्यामागे रुंद काळी पट्टी ठेवील. ती पट्टी पुरेशी झाल्यावर ती आत गेली आणि वाऱ्यासोबत धावणारी आग छोट्या छोट्या ओळींत सोडू लागली. गॉलबेरीची पानं तेलकट असतात. पेटली तशी ती कढईत पडलेल्या मोहरीसारखी तडतडली आणि ज्वाळा तिच्या डोक्याच्या वर गेल्या. ती मागे सरली, न जळलेल्या झुडपांकडे.

"वाऱ्याकडं पाठ ठेव," गाडीतून आवाज आला. "काळ्यावर उभी राहा. काळं जळत नाही."

हे वाक्य तिच्या वडिलांचं होतं. डीकन तरुणपणी होझियांच्या हाताखाली जाळायला शिकला होता, हे तिला माहीत होतं, फक्त बऱ्याच वर्षांत आठवलं नव्हतं. ती काळ्यावर सरकली. मग तिचे हात आपोआप चालू लागले.

उन्हं कलली तेव्हा रस्त्याकडचं अर्धं रान काळं झालं होतं आणि पाइन तसेच उभे होते, खोडांना नुसती काजळी. गवताच्या झुबक्यासारखी दिसणारी पाइनची पोरंसुद्धा सुया करपवून घेऊन मधला कोंब जपून होती. डीकननं हट्ट धरला म्हणून लॅव्हर्ननं त्याला वॉकरसकट आत नेलं. त्याचे बूट काळे झाले. बिळं खणणाऱ्या कासवाच्या एका बिळाच्या तोंडाशी तो वाकून बघत उभा राहिला. आतून एक किडा बाहेर आला, मिशा हलवल्या, आणि बाहेरचं सगळं बघून पुन्हा आत गेला.

"त्याचंही बरोबर आहे," डीकन म्हणाला. "अजून ऊन आहे जमीन."

आठवड्याभरात काळ्यातून हिरवी टोकं निघाली. मग एकेक सुरू झालं. वसंतात जमिनीलगत निळी-जांभळी फुलं, उन्हाळ्यात पिवळी, शेंगांच्या रोपांवर गुलाबी. उघड्या वाळूत बोटाच्या टोकाएवढी छिद्रं दिसू लागली. त्यांत एकेकट्या राहणाऱ्या बारीक रानमाश्या होत्या, ज्यांना पेटी लागत नाही आणि मालकही लागत नाही. न जाळलेल्या ओढ्याकडून टोळ आले, त्यांच्यामागून पक्षी आले.

दरम्यान आयोलानं स्वतःच्या रानाकडे मोर्चा वळवला. ते अवघड होतं. तिच्या जुन्या पाइनांच्या बुडाशी तीस वर्षांच्या सुयांचा ढीग होता, आणि झाडांनी त्या ढिगातच बारीक मुळं सोडली होती. कोरड्या दिवशी आग लावली असती, तर ढीग आतल्या आत दिवसचे दिवस धुमसला असता आणि मुळं भाजून झाडं उभ्याउभ्या मेली असती. डीकन गाडीतून उतरून एका झाडापाशी गेला, वॉकरच्या पायानं सुया उकरल्या आणि खालची ओल बघितली.

"इथं तुझीच आग पाहिजे," तो म्हणाला.

"कुठली?"

"ती. माश्यांना धूर देतेस तसली, गार. पाऊस पडून गेल्यावर, वरचं वाळलेलं आणि खालचं ओलं असताना. एका वर्षी एक पापुद्रा. असा भिजका जाळ माझ्या हातून होणार नाही, माझ्या हाताला घाई आहे. तुला जमेल."

चाळिसातले वीस एकर तिनं जाळायला काढले, वीस गॉलबेरीला ठेवले. मे महिन्याचा मध त्या प्रमाणात घटला. अटलांटाहून येणाऱ्या एका बाईनं नाक मुरडलं, तेव्हा आयोलानं तिला उकडलेल्या शेंगा दिल्या आणि पुढच्या वर्षी लवकर यायला सांगितलं.

ऑक्टोबर आला. ती पहिल्या पेटीच्या मागे उभी राहिली, तळफळीखाली दोन बोटं घातली. पेटी हलली नाही. तिनं पूर्ण हात घातला. तरी नाही. ती रांगेनं चालत गेली. प्रत्येक पेटीला हात लावून बघितला, आणि शेवटच्या पेटीवर हात तसाच ठेवून थोडा वेळ उभी राहिली. रस्त्यापलीकडून माश्या जड होऊन येत होत्या, पायांवर पिवळे गोळे, उतरताना फळीवर आपटत. एल्मोर असता तर तो काय म्हणाला असता? काही म्हणाला नसता. पेट्या उचलून बघितल्या असत्या आणि वाट बदलली असती. तिला त्याचा राग आला नाही.

एक चौकट तिनं काढली, मध गाळून बरणीत भरला आणि जाळलेल्या रानातल्या पायवाटेनं निघाली. पायवाट आता होती. पडवीत पोहोचेपर्यंत तिच्या चपला पिवळ्या झाल्या होत्या.

डीकननं बरणीचं झाकण काढून वास घेतला आणि चेहरा वाकडा केला.

"हा मध आहे, की पावसात भिजलेलं कुत्रं?"

"तुमच्या रानाचा आहे. हा कोणी विकत घेत नाही."

"का घेत नाहीत ते कळलं." त्यानं आयोलाला आतून बिस्किटाचा, म्हणजे घरच्या मऊ पावाचा, तुकडा आणायला लावला, त्यावर मध जाड थापला आणि खाल्ला. मग दुसरा तुकडा मागवला. समोरचं रान एकसारखं गुणगुणत होतं आणि डीकननं कान त्या बाजूला केला होता.

"ओढ्याकडचं जरा दमट असतं," बोटं चाटत तो म्हणाला. "फेब्रुवारीत धरू. वारा मी सांगेन."

"चादरी मी आदल्या दिवशी काढून ठेवीन," आयोला म्हणाली.